पालकसभेत स्क्रीनबद्दल काय बोलावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुमच्या शिशुवर्गात दोन ते चार वर्षांची अठरा मुलं आहेत आणि घरं सगळ्या तऱ्हांची: भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, कामधंदे वेगळे. काही घरांत मुलाच्या नजरेलाही मोबाईल पडू देत नाहीत. काही पालक कौतुकानं सांगतात, की आमचा यूट्यूब बघून शंभरपर्यंत आकडे म्हणतो. एक आई तर म्हणाली, "आमच्यात सगळीच पोरं बघतात, कुणाला काही झालं नाही." पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे. तुम्हाला सगळ्यांना एकच नियम सांगून त्यावर सह्या घ्यायच्या आहेत, आणि काही समाजांतले पालक या बाबतीत बेफिकीर असतात असं तुमचं मत झालंय. शेवटी एका ओळीत एका मुलाबद्दल लिहिलंय: हाक मारली तरी वळून बघत नाही, घरी दिवसभर टीव्ही असतो, त्यामुळेच असेल का?

त्या मुलाकडे मी शेवटी येते. पण त्याला पालकसभेपर्यंत थांबवू नका.

मी स्पीच थेरपिस्ट. गेली २३ वर्षं बोलायला उशीर झालेली लहान मुलं बघते, म्हणजे खरं तर त्यांचे आईवडील आणि आजी-आजोबा बघते. त्यावरून सांगते: स्क्रीन लहान मुलाला चांगली नाही हे ठाऊक नसलेलं घर मला फार क्वचित भेटलं आहे. ज्यांना तुम्ही बेफिकीर म्हणताय त्यांनाही ते ठाऊक असतं. घराघरांत फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक, स्क्रीन म्हणजे काय धरायचं. आणि दुसरं, ती स्क्रीन त्या घरात कोणतं काम करतेय. हे दुसरं कळेपर्यंत तुमचा नियम कितीही बरोबर असला तरी तो भिंतीवरच राहणार.

आधी मोजण्याचं बघू. पूर्वी हिस्टरी घेताना मी सरळ विचारायची, "रोज किती वेळ बघतो?" उत्तर ठरलेलं: "अर्धा तास. फार तर पाऊण." सुशिक्षित घरांत तर हे उत्तर माझा प्रश्न संपायच्या आत यायचं. आता मी तो प्रश्न विचारतच नाही. मी म्हणते, "काल संध्याकाळी सहापासून हा झोपेपर्यंत काय काय झालं, सांगा." मग गोष्टी आपसूक बाहेर येतात. भरवताना गाणी लावली होती. नखं कापताना कार्टून. आंघोळीनंतर कपडे घालू देत नाही, म्हणून मोबाईल. ही माणसं आधी खोटं बोलत नव्हती. त्यांच्या हिशेबात नखं कापतानाचं कार्टून हा स्क्रीन टाइम नव्हताच, ते नखं कापणं होतं. एका घरात टॅबवरचं अक्षरओळखीचं ॲप 'अभ्यास' म्हणून वगळलं जातं, दुसऱ्या घरात भजनं आणि प्रार्थना वगळल्या जातात, तिसऱ्या घरात टीव्हीच मोजत नाहीत, कारण मोबाईल वाईट, टीव्ही तर सगळे मिळून बघतात.

एका कुटुंबाचा मला फार अभिमान वाटायचा. दोन वर्षांची मुलगी, स्क्रीन शून्य, आई काटेकोर. तरी भाषा पुढे सरकत नव्हती. एकदा व्हिडिओ कॉलवर सेशन घ्यावं लागलं, तेव्हा मागून एक माणूस सतत तावातावानं बोलत होता. मी म्हटलं, पाहुणे आलेत का? आई म्हणाली, "नाही हो, बातम्या. आजोबांना लागतात. ती बघत नाही." ते खरंच होतं, मुलीची टीव्हीकडे पाठ होती. पण घरातलं कुणी तिच्याशी दोन वाक्यांच्या वर बोलत नव्हतं, कारण त्या आवाजावर आवाज चढवून बोलायचा कंटाळा येतो. अमेरिकेत दिमित्री क्रिस्टाकिस आणि सहकाऱ्यांनी २००९ साली छापलेल्या अभ्यासात लहान मुलांच्या अंगावर दिवसभर छोटं ध्वनिमुद्रण यंत्र ठेवलं होतं. टीव्ही ऐकू येत असलेल्या प्रत्येक तासामागे मुलांच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी ७७० नं कमी भरले. मूल बघतंय की नाही हा प्रश्नच नाही, मोठी माणसं गप्प होतात. त्यामुळे 'आम्ही अजिबात दाखवत नाही' म्हणणाऱ्या पालकांना सभेत लगेच शाबासकी देऊ नका, आणि उलट बाजूच्यांना लगेच खाली मान घालायला लावू नका.

आता काम. इथे माझी एक चूक सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण आई यायची, दोन वर्षांचा मुलगा घेऊन. मुलगा पूर्ण वेळ मोबाईलवर. मी तिला पंधरा मिनिटं समजावलं, छापील तक्ता दिला. ती मान हलवत राहिली आणि पुन्हा आली नाही. बऱ्याच महिन्यांनी तिच्या ओळखीच्या बाईकडून कळलं, की नवऱ्याला कायम रात्रपाळी, घर एका खोलीचं, आणि दिवसा मुलाचा आवाज झाला तर नवऱ्याची झोप मोडते. मोबाईल मुलाला गप्प ठेवत होता. मी तिला मोबाईल बंद कर म्हणत होते, तिला ऐकू येत होतं की नवऱ्याला झोपू देऊ नकोस. त्या बाईला मी बेफिकीरच समजले होते.

तेव्हापासून मी प्रत्येक घरात ते काम शोधते. कुठे खालचा रस्ता इतका वाहता असतो की मुलाला बाहेर सोडणं हाच धोका, आणि त्यापुढे कार्टून सुरक्षित वाटतं. कुठे आजी एकटी सांभाळते, तिचे गुडघे धरलेत, मुलामागे पळता येत नाही. परगावी, परमुलखात गेलेली कुटुंबं मुद्दाम आपल्या भाषेतली गाणी लावतात, कारण मुलाच्या कानावर ती भाषा दुसरीकडून कुठूनच पडत नाही. ऐकू न येणाऱ्या आईवडिलांच्या घरात व्हिडिओ कॉल हीच दूरच्या नातलगांशी बोलण्याची वाट असते, कारण खाणाखुणांची भाषा साध्या फोनवर चालत नाही. अशा घराला 'शून्य स्क्रीन' सांगणं म्हणजे मुलाची भाषाच काढून घेणं. काही धार्मिक समाजांत बंदी कडक असते, पण तिचं कारण मेंदूची वाढ नसून पडद्यावर काय दिसेल ही भीती असते. मी पाहिलंय, की तिथे नियम सहज पाळला जातो, कारण शेजारच्या घरातही तोच नियम असतो आणि मुलाला हट्ट करायला उदाहरणच सापडत नाही. एकट्यानं नियम पाळणाऱ्या घराची दमछाक वेगळी. ज्या इमारतीत बाकी सगळी मुलं एका सोफ्यावर बसून एकच कार्टून बघतात, तिथे आपलं मूल वेगळं ठेवणं म्हणजे त्याला मित्रांपासून तोडणं, असं आईला वाटलं तर तिचं काय चुकलं?

पैशाचा भाग तर उघड आहे. अमेरिकेत २०२० साली आठ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांच्या एका मोठ्या पाहणीत कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं जास्त उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट वेळ स्क्रीनसमोर असल्याचं दिसलं. हे वाचून 'गरिबांना कळत नाही' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ. पण स्क्रीनच्या जागी दुसरं काही आणायला पैसे लागतात: सांभाळायला माणूस, खेळायला जागा, लवकर सुटणारी नोकरी. सधन घर हे सगळं विकत घेतं आणि मग म्हणतं, आम्ही मुलाला स्क्रीन देत नाही.

समाज, धर्म, पैसा यांच्याइतकीच जोरदार आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे आईवडिलांची स्वतःची सवय. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं २०१३ साली दोन हजारांहून जास्त पालकांची पाहणी केली होती. त्यात सुमारे ३९ टक्के घरं अशी निघाली, जिथे पालक स्वतःच दिवसाला सरासरी ११ तास कुठल्या ना कुठल्या स्क्रीनसमोर होते, आणि मुलांचा वेळही त्यांच्या मागोमाग गेला होता. तुमच्या अठरा घरांची विभागणी जातीधर्मावर करण्याऐवजी अशी करून बघा. गटांची सरमिसळ होईल.

सगळ्यात नाजूक आहेत ते 'शिकतो' म्हणणारे पालक. त्यांच्यावर हसू नका. माझ्याकडे एक वडील तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आले. "म्हणून दाखव," म्हणाले. मुलानं भिंतीकडे बघत इंग्रजीत एक ते वीस, मग रंग, मग आकार, खणखणीत म्हटले. तेवढ्यात त्याच्या हातातली गाडी टेबलाखाली गेली. त्यानं वडिलांचं मनगट पकडलं आणि तो हात टेबलाखाली ढकलला. तोंडातून शब्द नाही, वडिलांच्या चेहऱ्याकडे बघणं नाही. वडिलांनी गाडी काढून दिली, मग एकदम थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मला काही सांगावं लागलं नाही. नंतर हळूच म्हणाले, "मला ती भाषा येत नाही. शाळेत त्याची फजिती नको व्हायला, म्हणून लावत होतो." म्हणजे ज्या पालकाला शाळेची भाषा येत नाही, त्याच्या घरात मोबाईल ही शिकवणी असते. हे प्रेमच आहे, फक्त लहान वयात ही शिकवणी लागत नाही. २००३ साली पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर प्रयोग केला. काही बाळांशी मँडरिन ही चिनी भाषा बोलणारी माणसं समोर बसून १२ वेळा खेळली, बोलली. काहींना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. समोरासमोर खेळलेली बाळं त्या भाषेतले बारीक आवाज ओळखायला शिकली, पडद्यावाली शिकली नाहीत. पालकसभेत हा प्रयोग जरूर सांगा, लोकांना तो पटतो. आणि लगेच पुढचं वाक्य जोडा: तुमच्या भाषेत बोला, तुम्हाला येते त्याच भाषेत. एका भाषेत भरपूर बोललेलं मूल दुसरी भाषा शाळेत उचलतं.

'मग नियम काय?' असं तुम्ही म्हणाल. तज्ज्ञ संस्थांचंही याबाबतीत एकमत नाही, हे माहीत असलेलं बरं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९९ साली दोन वर्षांखाली टीव्ही टाळा असं सांगितलं. २०१६ साली त्यांनी ते बदलून १८ महिन्यांखाली व्हिडिओ कॉल सोडून काही नको, आणि दोन ते पाच वर्षांना रोज एक तास चांगला कार्यक्रम, शक्यतो मोठ्यांसोबत, असं केलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली एक वर्षाखाली अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांत एक तासाच्या आत, कमी तितकं बरं, असं म्हटलं. त्याच वर्षी ब्रिटनच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ठराविक तास सांगायलाच नकार दिला आणि घराला विचारायचे प्रश्न दिले: घरातल्या स्क्रीनवर तुमचा ताबा आहे का, झोपेत अडथळा येतो का, कुटुंबाला जे करायचंय त्याच्या आड येते का. स्वीडननं २०२४ साली पुन्हा दोन वर्षांखाली काहीच नको असं सांगितलं. मला स्वतःला ब्रिटिशांची पद्धत जवळची वाटते, कारण मी तीच वापरते. पण दोन वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत मी स्वीडनच्या बाजूची आहे, व्हिडिओ कॉल तेवढा सोडून. दूरच्या आजीनं तोंडावर हात धरून "भोऽऽक" केलं आणि नात खिदळली, तर समोरून उत्तर देणारं माणूस आहे. कार्टून कुणाची वाट बघत नाही.

आणखी एक प्रामाणिक कबुली. स्क्रीनमुळे भाषा मागे पडते, की भाषेत आणि स्वभावात अडचण असलेल्या मुलांना गप्प करायला स्क्रीन जास्त दिली जाते? दोन्ही. कॅनडातल्या २,४४१ मायलेकरांच्या २०१९ सालच्या अभ्यासात आधीची जास्त स्क्रीन आणि नंतरची मागे पडलेली वाढ असा क्रम दिसला. उलट २०१४ साली जेनी रडेस्की यांच्या गटाला दिसलं, की बाळपणी खूप किरकिरी, झोपेला त्रास देणारी मुलं दोन वर्षांची होईपर्यंत जास्त स्क्रीन बघू लागतात. म्हणून चिडक्या मुलाच्या आईला 'मोबाईलनं चिडका झालाय' असं सांगताना दहादा विचार करा. कदाचित तो आधीच चिडका होता आणि ती थकली होती.

सभेत मी काय करीन ते सांगते. सह्या घेणार नाही. सही केलेला पालक दुसऱ्या दिवशी नियम मोडतो आणि मग तुमच्याशी खरं बोलायचं बंद करतो. तुमच्याकडे सध्या असलेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे 'आमच्यात सगळीच पोरं बघतात' असं तोंडावर सांगणारी ती आई. तिला गमावू नका. आजी-आजोबांना मुद्दाम बोलवा, दिवसभर मूल त्यांच्याकडे असेल तर आईवडिलांना सांगून काय उपयोग? मग प्रत्येकाला कालची संध्याकाळ आठवायला सांगा. मोठ्यानं सांगायची गरज नाही, मनातल्या मनात. आणि विचारा, की त्या वेळी मोबाईल नसता तर नेमकं काय अडलं असतं? हे उत्तर ज्याचं त्याला सापडलं की पर्याय देता येतो. आवाज चालत नाही अशा घरात पसरट भांड्यात थोडं पाणी आणि दोन पेले, फाडायला जुने कागद, उघडझाप करायला झाकणाच्या डब्या. पळता न येणाऱ्या आजीला बसल्या जागी करण्याचं काम द्या: कपड्यांच्या घड्या घालताना मोजे जोडायला मुलाला बसवणं. सगळी मुलं एकत्र बघतात त्या इमारतीत एखादी आई पुढे होऊन बघण्याची वेळच सगळ्यांसाठी एक ठरवू शकली तर उत्तम.

माझा आग्रह तीन वेळांचा असतो, बाकी तासांचा हिशेब मी करत नाही. जेवताना नको, कारण लक्ष नसलेलं मूल पोट भरलंय हे ओळखायला शिकत नाही आणि घरातल्या गप्पाही बुडतात. झोपेच्या आधीच्या तासात नको. आणि रडणं थांबवण्याचा पहिला उपाय म्हणून नको, कारण मग स्वतःचं स्वतः शांत होणं तो कधी शिकणार? याशिवाय, कुणी बघत नसेल तर टीव्ही बंद. हे एवढंही सगळ्या घरांना एकदम जमत नाही. मी एकच उचलायला सांगते, बहुतेक जण जेवणाचं उचलतात. पहिले चार-पाच दिवस मूल जेवणार नाही, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर आजी तिसऱ्या दिवशी मोबाईल काढते.

आणि जे दाखवणारच आहेत, त्यांना एक साधी गोष्ट: एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, ते सेटिंगमधून बंद करून द्या. सभेतच, त्यांचा मोबाईल हातात घेऊन. बऱ्याच जणांना ते बंद करता येतं हेच माहीत नसतं. व्हिडिओ थांबला की शांतता होते, त्या शांततेत मोठ्यांना शिरता येतं: "कुठे गेला तो कुत्रा? आपण शोधूया का?" शेवटचं बटण मुलालाच दाबू द्या. हिसकावून घेतलेल्या मोबाईलपेक्षा आपण बंद केलेल्या मोबाईलवर रडणं कमी होतं, हे माझ्या खोलीत रोज दिसतं.

आता तो मुलगा. हाक मारून न बघणं याचं खापर टीव्हीवर फोडू नका, आणि आईसमोर तर ते वाक्य उच्चारूही नका. पहिला प्रश्न ऐकू येतं का, हा. या वयात सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साठून ऐकू कमी येणं फार सर्रास आहे, आणि असं मूल कधी वळतं, कधी वळत नाही, त्यामुळे घरच्यांना ते हट्टी वाटतं. पाठीमागून टाळी वाजवून बघण्यावर विसंबू नका. टाळीचा हवेचा झोत, सावली, समोरच्याची नजर, मुलं यावरूनही वळतात. ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडून, रीतसर तपासणी हवी. ऐकू नीट येत असेल तर पुढे विकासाची तपासणी, विशेषतः तो बोट दाखवून तुम्हाला काही दाखवतो का, दोन शब्द जोडतो का, तुमच्याकडे बघून हसतो का, याची. हाकेला न वळणं हे स्वमग्नतेचंही, म्हणजे ऑटिझमचंही, लक्षण असू शकतं. स्वमग्नता स्क्रीनमुळे होते असं सिद्ध झालेलं नाही, पण 'टीव्ही बंद करून तीन महिने बघू' या सल्ल्यात अनेक मुलांचे मोलाचे महिने गेलेले मी पाहिलेत. टीव्ही कमी करायचा तो करा, तपासणीची वेळ मात्र याच आठवड्यात घ्यायला सांगा.

तुम्ही या दोन दिवसांत एवढंच टिपून ठेवा: कधी वळतो, कधी वळत नाही, गलक्यात की शांततेत, कोणत्या बाजूनं हाक मारली होती, त्या वेळी नाक वाहत होतं का. तारखेसह. तो कागद आईच्या हातात द्या, ऑडिओलॉजिस्टला दाखवायला.